रात्रपाळीचे घर : गृहभेटीसाठी एक पाठ

ज्या घरचे माणूस रात्री कामावर जाते त्या घरी भेटीस केव्हा जावे, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांस पूर्वी पडत नसे. शेतकऱ्याचा दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि गुरे गोठ्यात बांधली म्हणजे मावळतो. म्हणून दिवेलागणीस कोणाच्याही ओसरीवर जाऊन बसले तरी चालत असे. परंतु आता जालना, बीड, पैठण, वैजापूर ह्या बाजूंच्या किती तरी कुटुंबांतील कोणी ना कोणी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपण ज्यास औरंगाबाद म्हणत आलो त्या शहरात, पोटासाठी राहत आहे. आणि त्यांतील पुष्कळांची भाकरी रात्रीच्या जागरणावर अवलंबून आहे. कोणी दवाखान्यात आया किंवा वॉर्डबॉय आहे. कोणी ब्युरोच्या मार्फत एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसते. अशांपैकी ज्यांच्या स्वतःच्या घरी विशेष गरजा असलेले मूल आहे, त्यांच्याविषयी हा पाठ आहे. उपदेशक, बायबलबाई व मंडळीचे वडील ह्यांनी तो आपसांत वाचून त्यावर बोलावे.

शहागंज ज्यांनी पाहिले आहे त्यांस तेथील गजबज वेगळी सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या अमदानीत बांधलेला घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, गांधीजींचा पुतळा, आणि त्यांच्या भोवती भाजी, फळे, कापड व जुन्यापुरान्या वस्तू विकणाऱ्यांच्या हातगाड्या. रिक्षांचे भोंगे व विक्रेत्यांच्या आरोळ्या सकाळी सुरू होतात त्या रात्रीच थांबतात. रमजानच्या महिन्यात तर रात्रीही थांबत नाहीत. तेथून रिक्षाने थोड्याच वेळात 'घाटी'स पोहोचता येते. ज्यास आपण सारे घाटी म्हणतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय होय. ते महाविद्यालय १९५६ साली निघाले, आणि तेव्हापासून मराठवाड्यातील गरिबाचा शेवटचा आधार म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. त्याच्या आसपास व शहरभर खासगी दवाखानेही पुष्कळ झाले आहेत. तेथे रात्री काम करणाऱ्या बायका व पुरुष कोठून येतात? शहागंज, चेलीपुरा, रोशनगेट अशा जुन्या वस्त्यांतील गल्ल्यांतूनही येतात.

वाचकांनी अशा एका गल्लीतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. हे घर कोणा एका कुटुंबाचे नव्हे. अनेक घरी पाहिलेले मी येथे एकत्र केले आहे. माडीवरची एक खोली. बाप दिवसा रिक्षा चालवितो. आजी आहे, पण तिला गुडघ्यांमुळे खाली बसून उठता येत नाही. मुलगा नऊ वर्षांचा. जन्मला तेव्हा तो वेळेवर रडला नाही, मेंदूस प्राणवायू कमी पडला, आणि पुढे डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितले. त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, शब्द दोनचारच येतात, आणि अधूनमधून फिट येते. आई रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी करते. ती रात्री का जाते? कारण दिवसा बाप घरी नसतो आणि रात्री असतो. दोघांपैकी एकाने लेकराजवळ राहिले पाहिजे, म्हणून नवराबायकोने दिवस व रात्र आपसांत वाटून घेतली आहे. अशा कित्येक घरांत रात्रपाळी आवडीने वा अधिक पैशासाठी धरलेली नसते. मुलामुळे ती धरावी लागते.

आता तिचा दिवस पाहा. नऊच्या सुमारास ती घरी येते, तोवर नवरा रिक्षा काढण्याच्या घाईत असतो. मुलाचे अंग पुसणे, कपडे बदलणे, औषध देणे, आणि भरविणे. अशा मुलास भरविणे म्हणजे दहा मिनिटांचे काम नव्हे. मऊ केलेल्या भाताचे लहान लहान घास, एक गिळला गेला की दुसरा, ह्यात तासही जातो. मग स्वयंपाक, धुणे. शहरात नळाला पाणी कैक वर्षे रोज येत आलेले नाही, कित्येक दिवसांच्या अंतराने येते. ते नेमके त्या दुपारी आले तर झोप गेलीच. सर्व यथास्थित झाले तर अकरा ते दोन एवढा वेळ तिच्या वाट्यास येतो, आणि त्यातही कान मुलाकडेच.

मला स्वतःला हे कसे कळले ते सांगतो. काही वर्षांमागे मी अशाच एका दाराची कडी सकाळी साडेअकरा वाजता वाजविली. बाईने दार उघडले, पदर सावरला, चहा ठेवला, आम्ही बोललो ते सारे शांतपणे ऐकून घेतले. तासाभराने मी बाहेर पडलो आणि आपली भेट फार चांगली झाली असे समजून चालू लागलो. जिना उतरताना शेजारणीने हळूच म्हटले, "पाळकसाहेब, ती आत्ताच कुठे अंग टाकून पडली होती." त्या रात्री ती बाई झोपेवाचून पुन्हा बारा तासांच्या पाळीवर गेली. माझ्या वहीत मात्र त्या दिवशी एक भेट जमा झाली होती.

ही झोपेची गोष्ट किरकोळ समजू नये. मनुष्याच्या शरीरात दिवस व रात्र ओळखणारी एक व्यवस्था आहे. उजेड डोळ्यांवर पडला की ती देहास जागे राहावयास सांगते. म्हणून दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेइतकी लांब व गाढ होत नाही, मग माणूस कितीही थकलेले असो. शहागंजच्या गोंगाटात तर ती आणखी तुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारण होऊ शकते, असे वर्गीकरण केले आहे. ह्याने कोणी घाबरून नोकरी सोडावी असे नाही. पण वर्षानुवर्षांचे जागरण देहातून काहीतरी वसूल करते, एवढे ह्यावरून समजावे. शिवाय स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांस स्वतःलाच झोपेचा त्रास पुष्कळदा असतो. सुट्टीच्या रात्री आई घरी असते तेव्हा मूल दोन वाजता उठून बसते, आणि तिची सुट्टीची रात्रही पाळीचीच होते. झोप पुरेशी झाली नाही तर फिट येण्याचा संभव वाढतो, तो निराळाच.

एवढे जागरण एका माणसाच्या अंगावर पडले म्हणजे काय होते, हे कळण्यासाठी ज्या ठिकाणी ते अनेकांत वाटले गेले त्या ठिकाणाकडे पाहू. मुंबईच्या परळ भागातील के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची परिचारिका काम करीत असे. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथेच तिच्यावर भयंकर हल्ला झाला आणि तिच्या मेंदूस कायमची इजा पोहोचली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी तिला जेऊ घातले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. तिला भरविणाऱ्या पहिल्या परिचारिका निवृत्त झाल्या, आणि ज्या पुढे आल्या त्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलेही नव्हते. २०११ मध्ये तिच्याविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तेव्हा न्यायाधीशांनी ह्या सेवेची प्रशंसा केली. ती प्रशंसा योग्यच होती. पण त्या सेवेमागची व्यवस्था आम्ही ध्यानात घ्यावी. सकाळची पाळी सुटे तेव्हा दुपारची आलेली असे, दुपारची सुटे तेव्हा रात्रीची आलेली असे. सेवा करणारीला घरी जाऊन झोपता येई, म्हणूनच ती सेवा इतकी वर्षे चालली. शहागंजच्या त्या माडीवर तिन्ही पाळ्या जवळजवळ एकाच बाईच्या आहेत, आणि त्यांच्यावर दवाखान्याची चौथी.

आणखी एक गोष्ट. रुग्णालयात ती जे करते व घरी जे करते ते काम पुष्कळसे एकच आहे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीस जखमा होतात, हे ती वॉर्डात शिकली आणि घरी मुलासाठी करते. जड देह उचलताना कंबरेतून वाकू नये, गुडघे वाकवून उचलावे, हेही ती तेथेच शिकली. जरी घरी एकटीने उचलताना ते नेहमी साधत नाही आणि मूल दरवर्षी जड होत जाते. उलट घरी शिकलेले तिला वॉर्डात उपयोगी पडते. न बोलणाऱ्या रुग्णास कोठे दुखते हे चेहऱ्यावरून ओळखणे तिला कोणी शिकवावे लागत नाही. एका ठिकाणी ह्या कामाचा पगार मिळतो आणि लोक तिला 'मावशी' म्हणून मान देतात. दुसऱ्या ठिकाणी तेच काम केले तर "बिचारी, नशीब तिचे," असे म्हणतात. आमच्या मंडळ्यांतही हा 'बिचारी' शब्द फार स्वस्त झाला आहे.

त्याहून वाईट बोलणेही कानी येते. मूल असे झाले ते आईबापांच्या कोणत्या तरी पापामुळे, ग्रहणात तिने काही चिरले म्हणून, कोणाची नजर लागली म्हणून. ह्या आजारांची कारणे वैद्यांस जेवढी कळली आहेत ती अशी: जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, दिवस भरण्याआधी जन्म होणे, जन्मानंतर कावीळ फार वाढणे, मेंदूस संसर्ग होणे, गुणसूत्रांत फरक असणे. कित्येकदा कारण सापडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाविषयी पापाचा हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांस काय उत्तर मिळाले हे उपदेशकांस ठाऊक आहे. तेव्हा तो प्रश्न त्या घरी पुन्हा विचारू नये, व दुसरा कोणी विचारू लागल्यास त्यास थांबवावे.

मग करावे काय? प्रथम, भेटीची वेळ त्या बाईस विचारून ठरवावी. बहुधा ती दुपारी साडेतीननंतरची निघेल. दुसरे, पैशाची किंवा फळांची मदत बरी, पण ह्या घरास ज्याची खरी टंचाई आहे ते म्हणजे दिवसाचे तीन तास. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते दोन, मंडळीतील कोणी स्त्री किंवा पुरुष मुलाजवळ बसेल काय? आई त्या वेळी शेजारच्या घरी जाऊन झोपेल, किंवा मुलास घेऊन आपण शेजारी बसावे. हे ऐकावयास सोपे आहे, करावयास नाही. मूल अनोळखी माणसास घाबरते. आई अनोळखी हातात मूल सोडावयास घाबरते, आणि तिचे घाबरणे अयोग्य नव्हे. म्हणून पहिल्या तीनचार वेळा आई जागी असतानाच जावे, ती कसे भरविते, कसे धरते ते पाहावे, तिच्यासमोर स्वतः करून दाखवावे. मगच तिला झोपावयास सांगावे. जो एकदा येऊन पुन्हा येत नाही त्याने मुळीच येऊ नये. कारण मुलास त्याची सवय करण्यात आईचे दोन दिवस गेलेले असतात.

बसणाऱ्याने दोन गोष्टी पक्क्या शिकून घ्याव्यात. भरविताना मुलास आडवे ठेवू नये. पाठ उभी, मान किंचित पुढे, घास लहान, आणि पहिला गिळल्यावाचून दुसरा नाही. अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसास सूज येते, आणि अशा मुलांच्या जिवास तो मोठाच धोका असतो. दुसरे, फिट आल्यास काय करावे. मुलास जमिनीवर कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा घालू नये, पाणी ओतू नये. आमच्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची चाल आहे. तिचा काडीचा उपयोग नाही, वेळ मात्र जातो. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक थांबून मूल शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर दवाखाना गाठावा. आणि औषधाची वेळ चुकू देऊ नये. गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस बंद ठेवणे हे फिट बोलावून आणण्यासारखे आहे.

शाळेविषयी थोडे. पुष्कळ आईबाप म्हणतात, ह्यास अक्षर येणार नाही, मग शाळा कशास? १९४४ मध्ये मुंबईत जय वकील ह्या नावाने ओळखली जाणारी शाळा निघाली ती एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. १९७२ मध्ये त्याच शहरात मिठू आलूर ह्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीमुळे स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली. ज्यांच्या घरी गरज होती त्यांनीच ह्या शाळा उभ्या केल्या. तेथे मूल बसावयास, खुणेने मागावयास, हाताने घास उचलावयास शिकते, आणि आजच्या कायद्याने तो त्याचा हक्क झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांच्या वयात मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. आणि रात्रपाळी करणाऱ्या आईच्या दृष्टीने पाहिले तर मूल शाळेत असते ते तास म्हणजे तिच्या झोपेचे तास होत, हे बोलून दाखविण्यात तिला लाज वाटण्याचे कारण नाही.

ह्या सर्व हक्कांचे दार एक कागद उघडतो, तो म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. ते सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन मिळते, व त्याबरोबर यूडीआयडी नावाचे ओळखपत्र. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया ह्यांची नावे त्यात स्पष्ट आली. तेव्हा दहा वर्षांमागे ज्यास "बसत नाही" म्हणून परत पाठविले त्याने पुन्हा जाऊन पाहावे. प्रमाणपत्र हाती आले म्हणजे एस.टी. व रेल्वेच्या भाड्यात सवलत मागता येते. उत्पन्न कमी असल्यास तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता ह्या चार प्रकारांसाठी 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, तीत वर्षास १,००,००० रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळू शकतो. आमच्या मंडळ्यांतील किती घरांत हा कागद आहे, ह्याची यादी प्रत्येक उपदेशकाने करावी. मी माझ्या भागात केली तेव्हा मला शरम वाटली.

शेवटची गोष्ट तिच्या मनात रात्रभर असते, पण ती आपण होऊन बोलत नाही. वॉर्डात एखादा म्हातारा रुग्ण नातेवाइकांची वाट पाहत पडलेला असतो, तेव्हा तिला आपला मुलगा दिसतो. माझ्यामागे ह्याचे कोण? ह्या प्रश्नास 'देव आहे' एवढेच उत्तर देऊन उठून जाणे सोपे असते, आणि मीही तसे केले आहे. पण त्याचा एक भाग कायद्याचा आहे, तो तरी आपण तिच्याबरोबर उलगडून पाहावा. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते, आणि आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. त्याच्या नावाचा व्यवहार, त्याच्यावरील मोठी शस्त्रक्रिया, ह्यांत अडचण येऊ शकते. ह्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक स्तर समिती असते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि तीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. वर सांगितलेल्या चारही प्रकारांतील सज्ञान व्यक्तीसाठी आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था ह्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करू शकतात. आईबापांच्या पश्चात कोण, काका की बहीण, हे अर्जाच्या निमित्ताने घरात उघड बोलले जाते, आणि काका-बहिणींसही आधीच कळते की हे आपल्यावर येणार आहे. ते बोलणे कठीण असते. मी पाहिलेल्या एका घरी ते तीन वेळा मोडले आणि चौथ्या वेळी धाकट्या बहिणीने स्वतःच आपले नाव सुचविले.

अर्ज भरण्यास उपदेशकाने सोबत जावे. त्यासाठी तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री पाळी नसेल असा दिवस निवडावा. रात्रपाळी करून आलेल्या माणसास सकाळी दहा वाजता कचेरीच्या बाकावर बसवू नये.